कंसात ‘संग्रहित’

वर्तमानपत्रात फोटोखाली, अगदी कडेला, कंसात एक शब्द छापलेला असतो: संग्रहित. चष्मा असूनही दिसणार नाही इतक्या बारीक टायपात. सोलापुरातल्या एका दैनिकात मी वीसेक वर्षं उपसंपादक होतो. या काळात हा शब्द मी जेवताना मीठ वाढून घ्यावं तितक्या सहज वापरला. आमच्यापुरता त्याचा अर्थ असा की हा फोटो आजचा नाही, या घटनेचा नाही, या माणसांचा नाही, पण जागा मोकळी राहत होती म्हणून लावलाय. आणि आता आम्हाला कुणी काही विचारायचं नाही.

याचा एक सख्खा भाऊ आहे, ‘छायाचित्र सौजन्य : इंटरनेट’. इंटरनेट म्हणजे जणू कुणी सज्जन गृहस्थ. स्टेशनजवळ राहतात, मागितलं की फोटो देतात, वर चहा पाजतात. ही ओळ मी स्वतः टाइप केलेली आहे, शेकडो वेळा. एकदाही लाज वाटली नाही. आज वाटते, आणि लाजेपेक्षा राग जास्त येतो. कुणाचा, ते सांगायला बसलोय. माझा स्वभाव बोलण्याचा नाही. डेस्कवरची माणसं बहुतेक अशीच असतात, दुसऱ्यांची वाक्यं सरळ करत बसलेली. त्यामुळे हे लिहायला मला फार उशीर झालाय.

तेव्हा जिल्ह्याचं पान माझ्याकडे होतं. ते संध्याकाळी सहाला छपाईला सोडावं लागायचं. एका दुपारी बातमी आली, शहराबाहेरच्या एका गोदामात कडक भाकरीची बुरशी आलेली पाकिटं सापडली, अधिकाऱ्यांनी ती ताब्यात घेतली. बातमी खरी होती. मथळा मीच दिला, ‘शिळ्या भाकरीचा साठा जप्त’. फोटो मात्र नव्हता. बातमीदाराने पाठवला होता तो गोदामाच्या बंद शटरचा, आणि शटर कोण बघतंय?

संपादक मागून जाता जाता म्हणाले, “अहो, भाकरीची बातमी आणि भाकरी नाही? टाका की एखादी.”

मी फेसबुक उघडलं. विजापूर वेशीजवळ स्टुडिओ असलेल्या एका फोटोग्राफरचं पान मला माहीत होतं. माणूस ओळखीचा, माझ्या मुलीच्या शाळेच्या स्नेहसंमेलनाचे फोटो त्यानेच काढलेले. त्याने बचत गटांच्या प्रदर्शनातले फोटो टाकले होते. त्यातल्या एका फोटोत एक बाई तव्यापुढे बसलेली, हात पिठाने पांढरे, शेजारी कडक भाकरीची कमरेएवढी चळत, आणि बाई कॅमेऱ्याकडे बघून मनापासून हसतेय. फार चांगला फोटो होता. चेहऱ्यावर तव्याची धग दिसत होती. कोपऱ्यात फोटोग्राफरचं नाव होतं, ते मी कापलं. कापताना बाईच्या मागचा स्वच्छ मांडव गेला आणि खालचं गोणपाट तेवढं राहिलं. तीन कॉलम, मथळ्याच्या खाली. कडेला कंसात, संग्रहित.

पान सोडलं आणि मी घरी गेलो.

तिसऱ्या दिवशी ती बाई ऑफिसात आली. सोबत सून होती. बाई पन्नाशीच्या आतबाहेरची, मूळची मंगळवेढ्याकडची, लग्न होऊन शहरात आलेली. एवढं मला पुढे कळलं असं मी सगळ्यांना सांगत आलोय. त्याबद्दल नंतर लिहितो. ती खुर्चीवर बसली नाही. घडी घातलेला पेपर तिने टेबलावर ठेवला आणि त्यावर बोट ठेवलं.

“दादा, ही मी हाय.”

“हो. पण बातमी तुमच्याबद्दल नाही. खाली लिहिलंय बघा, संग्रहित.”

“तेच की! तेच इचारायला आल्ये. असं का लिवलं?”

मी समजावणीच्या सुरात सांगितलं, “संग्रहित म्हणजे जुना. आमच्याकडे साठवून ठेवलेला.”

बाईने सुनेकडे बघितलं. सून बारावी शिकलेली होती. ती खाली मान घालून म्हणाली, “सर, आमच्याकडं सगळ्यांनी तसंच वाचलं. वर साठा जप्त, खाली भाकरीची चळत, आणि त्याखाली संग्रहित. म्हणजे आत्यांनी भाकरी साठवून शिळी केली, तीच ही. शेजारच्यांनी अर्थ सांगितला. संग्रह म्हणजे साठा. शाळेत शिकवतात ना.”

मी पेपर हातात घेतला आणि पहिल्यांदा वाचला. तसंच दिसत होतं. ज्या शब्दामागे आम्ही वर्षानुवर्षं लपत आलो, त्या शब्दाने त्या बाईला आरोपी करून टाकलं होतं. मराठीचं पान लावणाऱ्या माणसाला मराठीतल्या शब्दाचा साधा अर्थ दिसला नव्हता. आमच्या खोलीत त्याला दुसरा अर्थ होता, म्हणून आम्ही धरून चाललो की साऱ्या जिल्ह्यात तोच असणार.

बाहेरच्यांसाठी सांगतो, कडक भाकरी ही साठवायचीच वस्तू. ज्वारीची भाकरी पातळ थापायची, भाजायची, आणि मंद आचेवर ठेवून पापडासारखी वाळू द्यायची. नीट केली तर कितीतरी दिवस टिकते. टिकते यातच करणारीचा हात दिसतो. म्हणजे जी तिची कारागिरी, तोच तिचा गुन्हा ठरला.

“कँटीनवाल्यांनी भाकरी नगं म्हणून सांगितलं,” बाई म्हणाली. “गटातल्या बायकांनी पुढच्या प्रदर्शनात बसू नगंस म्हणून सांगितलं. म्हंत्यात, तू बसलीस तर आमचंबी न्हाय खपायचं. अवो, ज्यांस्नी मी पीठ मळाया शिकिवलं त्या म्हंत्यात!” मग आवाज खाली आणून, “माझं येकच म्हणणं हाय. ह्योच फोटू, हितंच, येवढाच छापा. आन लिवा, ही बाई ती न्हाय.”

मी संपादकांकडे गेलो. ते फोनवर होते. ऐकून घेतलं आणि म्हणाले, “तसं छापलं तर चूक कबूल केल्यासारखं होतं, राव. उद्या प्रत्येक जण पेपर घेऊन दारात. खुलासा द्या दोन ओळी, आतल्या पानावर. फोटो परत अजिबात नको.”

मी दोन ओळी लिहिल्या: ‘अमुक दिवशीच्या अंकातील संबंधित वृत्तासोबतचे छायाचित्र प्रातिनिधिक असून त्याचा वृत्तातील घटनेशी संबंध नाही.’ वाक्य व्याकरणात एकदम चोख. कुणाचं छायाचित्र, कसला संबंध, कोण चुकलं, काही कळू द्यायचं नाही. नाट्यगृहातल्या कार्यक्रमांच्या यादीखाली ते छापून आलं. ज्यांनी वाचलं असेल, त्यांना काही कळलं नसेल. आणि ज्यांनी पेपर वाचलाच नव्हता, त्यांच्याकडे एव्हाना ते कात्रण मोबाइलवर पोचलं होतं. सोसायट्यांचे ग्रुप, महिला मंडळांचे ग्रुप, वधूवर मेळाव्याचे ग्रुप. कुणीतरी खालचा कंसही कापून टाकला होता. ‘सावधान! आपल्या शहरात काय विकलं जातंय पाहा,’ आणि खाली ती हसणारी बाई.

तिच्याआधी दोन दिवस फोटोग्राफर येऊन गेला होता. शांत माणूस. त्याने पेपरचं शेवटचं पान उलटं करून माझ्यापुढे धरलं. तळाशी नेहमीची ओळ, या अंकातील मजकूर व छायाचित्रांचे सर्व हक्क राखीव.

“साब, फोटो मेरा, और हक तुमारा राखीव?” तो म्हणाला.

डेस्कवरचे सगळे हसले. मीही हसलो. संपादक बाहेर येऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “अहो, फेसबुकवर टाकला म्हणजे गावाला वाटलाच की! उलट तुमची जाहिरात झाली.”

“नाव कापून जाहिरात कशी होते, साहेब?” त्याने मराठीत विचारलं. संपादक आपल्या खोलीत परत गेले.

काढला त्या क्षणी फोटो काढणाऱ्याचा होतो, त्यासाठी कुठे नोंद करावी लागत नाही, हे मला त्या खोलीत सगळ्यांत चांगलं ठाऊक होतं. कारण त्याच वर्षी एका बातम्यांच्या पोर्टलने आमच्या बातम्या जशाच्या तशा उचलल्या, तेव्हा त्यांना पाठवायचा खरमरीत मजकूर मीच तयार केला होता. ‘बौद्धिक श्रमाची राजरोस चोरी’ हे शब्द माझे. मला आवडले होते ते.

फोटोग्राफरने मग आपल्या पानावर लिहिलं. मूळ फोटो आणि पेपरातला फोटो शेजारी शेजारी लावले आणि वर एकच ओळ, ‘चोरी भी की, और बाई को चोर भी बनाया.’ लोक ते पुढे पाठवू लागले. तेव्हा मात्र आमच्या ऑफिसात धावपळ झाली. बाई उन्हातून चालत आली तेव्हा कुणाची खुर्ची हलली नव्हती.

संपादकांनी मला बोलावून सांगितलं, “तुमच्या ओळखीचा आहे ना? सांगा त्याला. नाहीतर वकिलांची नोटीस जाईल, अब्रुनुकसानीची.”

मी फोन केला. माझ्याच फोनवरून, माझ्याच तोंडाने. म्हटलं, भाई, पोस्ट काढून टाका, प्रकरण वाढेल, तुमच्या धंद्याला त्रास होईल. काळजीच्या आवाजात धमकी कशी द्यायची हे मला त्या दिवशी कळलं, आणि ते मला चांगलं जमलं.

मग तो म्हणाला, “तुम लिखे तो आजादी, हम लिखे तो बदनामी. ऐसाच है ना, साब?”

संध्याकाळपर्यंत त्याने पोस्ट काढून टाकली.

आणि त्याच आठवड्यात मी अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर लेख लिहिला. हो, मीच. माझ्या नावाने. जमावाच्या दडपणाखाली लेखणी कशी गुदमरते आहे, समाजमाध्यमांवरची झुंडशाही, वगैरे. जमाव म्हणजे कोण? एक भाकरी करणारी बाई, तिची सून आणि एक फोटोग्राफर. आमच्या तालुक्याच्या बातमीदाराने चोरट्या वाळूउपशाची बातमी दिली आणि वाळूवाले त्याच्या घरी जाऊन दम देऊन आले, तेव्हा आम्ही बातमीचा पुढचा भाग गुपचूप केराच्या टोपलीत टाकला होता. त्या वेळी लेखणी गुदमरली नाही. ज्यांना खरंच भ्यायला हवं त्यांच्यापुढे आम्ही गप्प बसलो. आणि जी बाई आमचं काहीही वाकडं करू शकत नव्हती, तिच्यापुढे आम्हाला स्वातंत्र्य आठवलं. मला त्या स्वातंत्र्याबद्दल आजही प्रेम आहे. म्हणूनच ते आम्ही टेबल पुसायला वापरलं याची चीड येते.

लेख गाजला. एका महाविद्यालयाने व्याख्यानाला बोलावलं. शाल, श्रीफळ, सगळं झालं. शेवटी एका मुलीने उठून विचारलं, “सर, नेटवरचा फोटो वापरला तर चालतो का?”

मी माइक जवळ ओढून सांगितलं, “परवानगी घ्यायला हवी. आणि श्रेय द्यायला हवं.”

टाळ्या वाजल्या.

आता ती गोष्ट, जी मी आजवर कुणाला सांगितली नाही, बायकोलाही नाही. मी त्या बाईला ओळखत होतो. चुकून लागला फोटो, घाईत चेहरा बघितला नाही, असं मी संपादकांना सांगितलं, घरी सांगितलं, स्वतःलाही सांगितलं. खोटं आहे. आमच्या घरी दर पंधरा दिवसांनी तिचीच भाकरी यायची. बायको बाहेर असली की दार मी उघडायचो. ती पांढऱ्या कापडातली चळत माझ्या हातात द्यायची आणि म्हणायची, “दादा, सांबाळून. मोडल्याव वैनी मला बोलत्याल.” पडद्यावर फोटो आला तेव्हा मला ती पहिल्या नजरेत ओळखू आली. उलट मनात आलं, अरे, आपल्या बाईचा किती छान फोटो! छान आहे, म्हणून निवडला. वाचणारा एवढ्या बारकाईने बघत नाही, असंही मनात आलं. ज्या वाचकासाठी आयुष्यभर काम करतो असं म्हणायचं, त्याच्याबद्दल माझं मत हे असं होतं.

ती ऑफिसात आली तेव्हा तिनेही ओळख दाखवली नाही. चारचौघांत मला खाली बघायला लागू नये म्हणून. मी तिच्याशी अनोळखी माणसासारखं बोललो आणि ती तसं बोलू देत होती. जाताना फक्त ‘दादा’चं ‘सायेब’ झालं. त्यानंतर आमच्या घरी भाकरी आली नाही. बायकोने विचारलं, तर मी म्हटलं, गावी गेली असेल.

मग वर्षं गेली. नोकरी मी तत्त्वासाठी सोडली असं इथे लिहिता आलं असतं. तसं काही नाही. डेस्क दुसऱ्या शहरात नेला आणि आम्हा काही जणांना घरी पाठवलं. गमावण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा मला धीर आला. यंदाच्या उन्हाळ्यात, सकाळी, मी तिचं घर शोधत गेलो.

चूल पेटलेली होती. ती थापत होती, सून भाजत होती. शेजारी पाकिटं होती, त्यांवर रंगीत लेबल, आणि लेबलावर दुसऱ्याच एका बाईचं नाव.

“माझ्या नावानं कोण घेतंय?” तिने वर न बघता सांगितलं. “भाकरी माझी, नाव तिचं. ती लई भली बाई हाय, तिचं काय न्हाय. पर लोक तिला म्हंत्यात, तुमच्या हाताला काय चव हाय! मी मागं हुबी असत्ये. ऐकत्ये.”

मी म्हटलं, “मी हे सगळं लिहिणार आहे. खरं काय ते.”

“पेपरात?”

“नाही. पेपर आता माझ्या हातात नाही. पुस्तकात.”

ती हसली. फोटोतल्यासारखी नाही. “पुस्तक वाचून भाकरी कोण घेतंय, सायेब? जितं माझा फोटू फिरला तितं टाका की. मोबायलात.”

सून म्हणाली, “तुमच्या सोसायटीच्या ग्रुपवर पण आला होता, सर. तिथूनच आमच्या गल्लीत आला.”

मला ते माहीत होतं. त्या ग्रुपवर माझे शेजारी आहेत, व्याही आहेत, माझं व्याख्यान ऐकलेले प्राध्यापक आहेत. मी पाटावर बसून मोबाइल काढला आणि लिहू लागलो. सून वाचून दाखवत होती. ‘काही वर्षांपूर्वी एका वृत्तपत्रात प्रसिद्ध झालेल्या छायाचित्रामुळे गैरसमज निर्माण झाला होता…’

“थांबा,” बाई म्हणाली. “कुणी निर्माण केला?”

“म्हणजे… झाला.”

“आपल्या आपून झाला व्हय? आभाळातनं पडला? झाला न्हाय, केला. कुणी केला ते लिवा.”

मी खोडलं. लिहिलं, ‘आमच्याकडून चूक झाली.’

“आमच्या म्हंजी कोण कोण? तितं तर तुमी येकलंच बसला हुता.”

परत खोडलं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या वाक्यांतला फापटपसारा काढला, पण कर्ता लपवायची खोड माझ्या हाताला इतकी मुरली होती की साधं ‘मी’ लिहायला तीन वेळा खोडावं लागलं. ‘तो फोटो मी लावला. न विचारता घेतला. फोटोवरचं नाव मी कापलं. ही बाई त्या बातमीतली नाही, हे मला तेव्हाच माहीत होतं, कारण मी त्यांना ओळखत होतो. त्यांची भाकरी आमच्या घरी यायची.’

‘ओळखत होतो’ हे सुनेने दोनदा वाचलं. बाईचे हात थापता थापता थांबले नाहीत.

“म्हाईत हाय,” एवढंच ती म्हणाली. आणि मग, “त्या भाईंचं नाव घाला. फोटू त्यांनी काढला. त्यांनी माझ्यापायी बोलणी खाल्ली.”

या वेळी मी विचारायचं ठरवलं. फोन लावला. स्टुडिओ बंद झाला होता, पण नंबर तोच होता. सगळं ऐकून झाल्यावर तो म्हणाला, “अब पूछ रहे?” मी ‘हो’ म्हटलं. “लिहा. स्टुडिओचं नको, माझं लिहा. आणि बरोबर लिहा, साहेब, लोक नेहमी चुकीचं लिहितात.” त्याने एकेक अक्षर सांगितलं आणि मी टाइप करून त्याला परत वाचून दाखवलं.

मूळ फोटो, न कापलेला, त्यानेच पाठवला. तो आणि तो मजकूर मी सोसायटीच्या ग्रुपवर टाकला, मग आणखी दोन ग्रुपवर.

सून फोनकडे बघत होती. आधी एकाने नमस्काराचे जोडलेले हात टाकले, बहुधा न वाचता. कुणी विचारलं, शेंगाची चटणीपण मिळते का. प्राध्यापकांनी वाचलेलं दिसत होतं, पण काही लिहिलं नाही. मग आमच्या इमारतीच्या सेक्रेटरींचा निरोप आला. सुनेने मोठ्याने वाचला, “म्हणजे ती बाई चांगली होती?”

“व्हती?” बाईने कडेला ठेवलेली परात पुढे ओढली. “त्यास्नी सांगा, हाय म्हणावं. मेल्यागत काय इचारत्यात? अजून हाय. रोज थापतीया.”

मी टाइप केलं, ‘आहेत. रोज करतात.’ आणि सुनेला विचारून खाली त्यांचा पत्ता लिहिला.